गोळीची पाळी

शेजारच्या मालनवहिनी दुपारी आमच्याकडे आल्या, फ्रीजचं दार उघडलं आणि आत तोंड घालून उभ्याच राहिल्या. मला वाटलं, बर्फ हवाय.

“बर्फ नको गो बाय. जरा उभी ऱ्हवांदे. आंग पेटता नुसता.”

मान, कानशिलं लालबुंद झाली होती. दोन मिनिटांत घामाने पोलकं भिजलं, आणि मग थंडी वाजते म्हणून त्यांनी पदर घट्ट लपेटून घेतला. मी नुसती बघत राहिले. माणसाच्या अंगात हे असं कुठून येतं?

मालनवहिनी कणकवलीकडच्या. यजमान गुणाजी परळच्या गिरणीत साचेखात्यात, मागावर. गिरण्यांचा संप दुसऱ्या वर्षात गेला होता आणि आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगीत पुरुषमाणसं भरदिवसा जिन्यात बसलेली दिसायची. वहिनी डबे करून द्यायच्या. पन्नाशी उलटलेली, पाळी वर्षभरापूर्वी थांबलेली. “सुटलंय एकदाची, म्हणत होतंय,” त्या म्हणाल्या. “तर ह्या लागला मागे. झोप नाय. चुलीकडे उभी ऱ्हवलंय की जीव घाबरता. परवा ह्यांच्या अंगावर ताट फेकलंय.”

बिल्डिंगीतल्या बायकांचा सल्ला एकच: पिशवी काढून टाका. जणू पिशवी म्हणजे बाजारातून आणलेली, रिकामी झाली की झटकून टाकायची. मी कुठल्याशा मासिकात याविषयी चार ओळी वाचल्या होत्या. म्हटलं, आधी स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंना तर दाखवू.

बाईंनी नीट तपासलं. रक्तदाब, छाती, घरात कुणाला कॅन्सर होता का, सगळं विचारलं. मग समजावून सांगितलं, की बाईच्या अंगात एक द्रव्य तयार होत असतं, वय झालं की ते आटतं. ते थोडं बाहेरून द्यायचं.

“म्हणजे विहीर आटली की टँकरचा पाणी?” वहिनींनी विचारलं.

“तसंच समजा,” बाई हसल्या. “पण टँकर सारखा मागवायचा नाही. जरुरीपुरताच. आणि मी सांगेन तेव्हा येऊन दाखवायचं.”

गोळ्या दोन प्रकारच्या होत्या. एक महिनाभर घ्यायची, मध्ये थोडे दिवस सुट्टी. दुसरी शेवटच्या दिवसांत तिच्या जोडीला.

आणि खरंच, महिन्याभरात वहिनींचा चेहरा निवला. रात्रीची झोप लागू लागली. डब्यातल्या आमटीत मीठ परत जागेवर आलं, असं गिऱ्हाइकंच म्हणाली. मग एका सकाळी त्या गॅलरीत मला कोपऱ्यात घेऊन कुजबुजल्या, पण कुजबुज त्यांना कधी जमली नाही.

“गो बाय, पाळी परत चालू झाली!”

जिन्यातून मासळीची पिशवी घेऊन गुणाजी वर येत होते. ते तिथेच थांबले. “चालू झाली? कोणी सांगल्यान? पयली की दुसरी?”

त्यांनी पिशवी पायरीवर टाकली आणि कठड्यावरून खाली ओरडले, “दशरथ! अरे दशरथ, पाळी चालू झाली!”

खालच्या मजल्यावरचा दशरथ, तोही संपातलाच, धावत बाहेर आला. “कुठल्या गिरणीची रे?”

“अवो, वर येवा!” वहिनींनी कपाळावर हात मारला. “गिरणीची नाय! माझी!”

मला हसू आवरेना, वहिनींनाही. हसता हसता त्यांनी गुणाजींकडे पाहिलं आणि थांबल्या. ते पायरीवर बसले होते. पिशवीतले बांगडे उगाचच पुन्हा आत सारत होते. मग म्हणाले, “चला. घरात एकाची तरी चालू झाली.”

खरी अडचण पुढेच होती. गणपती जवळ आले होते. वहिनी थोरल्या सूनबाई, नैवेद्याचा स्वयंपाक त्यांच्या हातचा. आणि गोळ्यांच्या हिशेबाने पाळी बरोबर चतुर्थीला यायची. आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे.

“ती दुसरी गोळी सोडलंय तर?” वहिनींनी विचारलं.

“मुळीच नाही. एकटी पहिली घेतली तर पिशवीचं अस्तर आतल्या आत जाड होत जातं. दुसरीमुळे ते गळून जातं. औषध अजून अंगाला बसतंय, त्याच्याशी आता खेळ नको. घ्यायच्या तर दोन्ही, नाही तर दोन्ही बंद.”

“पण बाई, ही गोळीची पाळी, ती खरी पाळी काय?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “यातून मूल होणार नाही. बाकी तुम्हीच ठरवा.”

मला तर हा प्रश्न फारच आवडला. घरी येईपर्यंत मी त्याच्यावरच विचार करत होते. गुणाजींनी मात्र झटक्यात निकाल दिला: “औषधाची ती. खरी नाय. देवाक काय त्याचा? खुशाल रांध.”

“फडकी धुवची लागतत ना? मग खरी,” वहिनी म्हणाल्या. थोडा वेळ त्या तांदूळ निवडत राहिल्या. “सणापुरती बंद केलंय तर परत ती आग, परत ता जागरण. नाय. मी चार दिस बाजूक बसान. गोळी सोडूची नाय. शेवंतीक बोलवा.”

शेवंती म्हणजे मुलुंडची धाकटी जाऊ. थोरलीच्या चुलीवर उभं राहायची संधी तिला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती. आली तीच म्हणत, “ह्या वयात गो? नातवंडां खेळवच्या वयात?”

वहिनी गॅलरीत खुर्चीवर बसून होत्या. त्यांनी ऐकलं आणि फक्त म्हणाल्या, “खोबरा करपता बघ. वास येता हयपर्यंत.”

दिवस वर आला. काळ्या वाटाण्याचं सांबारं उकळत होतं, मोदकांचं भांडं वाफाळत होतं. आणि मोदक वळता वळता शेवंती एकदम उठली, खिडकीशी गेली, गजांना गाल लावून उभी राहिली. मानेवरून घाम ओघळत होता. चुलीची धग लागल्यावर माणूस असा उभा राहत नाही, हे मला आता कळत होतं. वहिनींना तर लांबूनच कळलं.

“कधीपासून गो?” त्यांनी विचारलं.

शेवंती पदराने मान पुसून पुन्हा मोदकांकडे वळली. आरती झाली, पानं वाढून झाली, पुरुष जेवायला बसले, तेव्हा ती हळूच गॅलरीच्या दाराशी आली. सोवळ्यात होती, म्हणून हातभर लांब उभी राहिली.

“तुझ्या त्या गोळ्यांतली एक दी गो माका. बघतंय घेऊन.”

“साखर नाय ती, वाटीत घालून दिवक. डाक्टरीण आधी तुका तपासतली.” वहिनींनी खुर्ची जराशी तिच्याकडे सरकवली. “गौरी जावंदेत. मगे जावया दोघी. आता आत जा, दुसरो घाणो काढ. आणि खिडकी उघडी ठेव.”