बाविसावं अमिनो आम्ल

आमच्या कॉलेजात नोट्स वारसाहक्काने चालत यायच्या. माझ्या सरांची पिवळी पडलेली वही मी महाडच्या त्या वर्गात शब्दाला शब्द उतरवून द्यायचो. वहीत अमिनो आम्लं वीस. प्रथिन म्हणजे या वीस प्रकारच्या मण्यांची माळ, हे वाक्यसुद्धा सरांचंच. मी तासिका तत्त्वावरचा मास्तर, दर जूनला नवा अर्ज करणारा. वहीबाहेर पाऊल टाकायची हौस मला परवडणारी नव्हती.

त्या वर्गातली एक मुलगी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. गोठा आवरून, डोंगर उतरून एसटी पकडायची. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, पुढे बीएड करून शिक्षिका व्हायचं होतं. घरच्यांनी एकच अट घातली होती, एकदाही नापास व्हायचं नाही.

एके दिवशी तिने माझ्यापुढे एक तेलकट कागद धरला. मुंबईहून भावाने पाठवलेल्या फरसाणाची पुडी इंग्रजी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली होती, आणि त्यावर बातमी होती की मिथेन वायू तयार करणाऱ्या जंतूंमध्ये बाविसावं अमिनो आम्ल सापडलं.

"सर, हे गोबरगॅसमधले जंतू हायत. म्हंजे आमच्या शेणात बावीस हायत, नि आपण वीसच लिवतो."

मी हसलो, फरसाणातून आलेलं ज्ञान म्हणालो. पण मनात किडा वळवळत राहिला. बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत जाऊन शोधलं. बातमी खरी होती. बाकीचे जीव ज्या खुणेपाशी प्रथिनाची माळ थांबवतात, तिथे हे जंतू कधी कधी न थांबता आणखी एक मणी ओवतात. एकविसावं तर कितीतरी आधीच सापडलं होतं, तेही आमच्या वहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून सांगितलं की तुझं बरोबर आहे. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. माझ्या कायम होण्याबद्दल त्यांचा शब्द चालणार होता, म्हणून त्यांच्या जेवणासाठी सुरमई मी स्वतः बाजारातून निवडून आणली होती. तोंडीत त्यांनी तिला सोपा प्रश्न विचारला, अमिनो आम्लं किती. ती म्हणाली, बावीस. ते हसले आणि त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा बावीसच म्हणाली.

"सरांनी बघितलंय. सर म्हणाले, बरोबर हाय."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

मी म्हणालो, "अभ्यासक्रमात वीसच आहेत."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच ते वाक्य इतकं नीच होतं. त्यानंतर तिने एकाही प्रश्नाला तोंड उघडलं नाही. परीक्षकांनी उर्मट म्हणून तोंडीत भोपळा दिला. गुणपत्रकावर दोन सह्या लागायच्या. दुसरी मी केली. प्रॅक्टिकलमध्ये ती दोन गुणांनी गेली. पुन्हा बसता आलं असतं, पण घरची अट म्हणजे अट. उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं.

मी कायम झालो. पुढे नवं पुस्तक लागलं, त्यात बावीस छापून आली. मी ती नव्या वहीत उतरवली आणि तशीच सांगू लागलो.

चार-पाच वर्षांनी विद्यार्थ्यांची सहल घेऊन रायगडावर गेलो. उतरल्यावर हिरकणीवाडीत ताक प्यायला थांबलो. ताक ओतणारी बाई तीच होती. तिने मला लगेच ओळखलं. पोरांना आधी ताक दिलं, मग माझ्यापुढे पेला ठेवला.

"सर, आता किती सांगता?"

"बावीस," मी म्हणालो.

ती पेले विसळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तवापन बावीसच व्हती."