पडद्याच्या कापडाची मॅक्सी

गिरगावातून सामानाचा टेम्पो निघायच्या वेळी आई पुन्हा वर गेली आणि मधला पडदा काढून घेऊन आली. चाळीतल्या आमच्या लांबट खोलीचे तो दोन भाग करायचा. जाड, मोतिया रंगाचा, निळ्या फुलांचा. पलीकडे स्वयंपाक, अलीकडे माझा अभ्यास.

बाबा खालून म्हणाले, "अगं, तिकडे प्रत्येक खोलीला दार आहे. तो कशाला?"

"असू दे. कापड चांगलं आहे."

चाळीतले तुम्ही सगळे गॅलरीत उभे राहून हात हलवत होतात. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे, आणि आमच्यासारखं खाडी ओलांडून गेलेल्यांनाही.

वाशीत सगळं मोकळं होतं. नंबर लिहिलेल्या बिल्डिंगी, मध्ये गवत आणि चिखल. गॅलरीत कुणी उभं नसायचं. नव्या शाळेत, नववीत, मी पहिला आठवडा जवळजवळ बोललेच नाही. इंग्रजी येत होतं, पण कुणी विचारल्याशिवाय बोलायची सवय नव्हती. निशा नावाच्या मुलीनं दप्तर सरकवलं. "बस ना इकडे. मौनव्रत आहे का तुझं?" त्या दिवसापासून आम्ही दोघी एका बाकावर.

निशाचा ब्लंट कट होता. कुणाच्या बेलबॉटमचा घेर किती, हे ती लांबून सांगायची. गॅदरिंगला युनिफॉर्म नसायचा, कलर ड्रेस असायचा, आणि त्या वर्षी सगळ्या मुली मॅक्सी घालणार होत्या. माझे दोन्ही फ्रॉक गुडघ्याच्या वर गेले होते. आईनं ट्रंकेतून पडदा काढला. तीन दुपारी मशीन चाललं. फुग्याच्या बाह्या, खाली झालर. आरशात मी पहिल्यांदाच स्वतःकडे नीट पाहिलं.

निशा घरी आली तेव्हा पडद्याच्या पितळी रिंगा मशीनवरच पडल्या होत्या. मी तिला सगळं सांगून टाकलं. सांगायची गरज नव्हती, पण या नव्या गावात आपल्याबद्दल काहीतरी माहीत असलेलं एक तरी माणूस मला हवं होतं. तिनं शपथ घेताना गळ्याला चिमटा घेतला. "गॉड प्रॉमिस, कुणाला सांगणार नाही. आणि कळणार कुणाला? कसली भारी दिसतेय!"

गॅदरिंगच्या शेवटी फिशपॉन्ड असायचे. खोक्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, टीचर वाचणार, जिच्यावर असेल तिनं पुढे जाऊन ती घ्यायची. माझ्यावर एकही नसणार याचं मला थोडं वाईटच वाटत होतं.

टीचरनी एक चिठ्ठी उघडली. इंग्रजीत होती. मराठीत सांगायची तर अशी: "हिच्या मॅक्सीला बटणं नकोत, रिंगा लावा. आणि संध्याकाळ झाली की हिला खिडकीवर ओढून घ्या." मग माझं नाव.

हॉल हसत सुटला. मी पुढे जाऊन चिठ्ठी घेतली. ते अक्षर मी रोज शेजारी बसून पाहत होते. निशा हसत नव्हती. ती समोरच्या मुलीची वेणी बघत बसली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "ए कर्टन, बंद हो!" आणि मी हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी निशा म्हणाली, "चिडलीस? अगं, तुझ्यावर कुणीच लिहिलं नव्हतं. एकटी राहिली असतीस." तिनं दप्तर सरकवलं. मी मागच्या बाकावर गेले आणि दहावी संपेपर्यंत तिथेच बसले.

गॅदरिंगच्या संध्याकाळी आईनं विचारलं होतं, "आवडली का गं मैत्रिणींना?"

"हो. सगळ्या बघत होत्या."

आता मी बेलापूरला नोकरी करते. निशानं जे केलं ते विसरलेले नाही. पण हसले मीही होते. ज्या पडद्याआड लहानाची मोठी झाले, त्याच्यावर. माझ्या खोलीला दार आहे, आतून कडीही आहे. तरी घर म्हटलं की मला आठवतो तो पडदा, आणि पलीकडून येणारा आईच्या बांगड्यांचा आवाज.

मागच्या रविवारी ट्रंकेतून मॅक्सी काढून मी तिची शिवण उसवली. तुकडे जोडून रिंगा लावल्या. पडदा खिडकीला पुरला नाही. मध्येच बाहीचा गोल, खाली झालर.

आई दारात येऊन उभी राहिली. "चांगली होती की गं. का उसवलीस?"

मी तिला माझ्या शेजारी बसायला जागा केली. मग पहिल्यापासून सांगायला लागले.