विम्याचा साहेब आणि आमची सफेदी

गोमा पाटलाचं नाव सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे माझी जी फजिती यायची आहे, तिथपर्यंत पोचल्यावर उपकार मानायला मला तोंड उरेल याची खात्री नाही. गोमादादा कोपर गावचा. वर्षाचे काही महिने मिठागरात आणि बाकीचे लोकांच्या छपरांवर, कौलं चाळत. त्या दिवशी तो आला नसता, तर मला बोटीत बसवून राजापूरला परत धाडलं असतं.

मी मराठी तिसरी अर्ध्यात सोडून कल्याणला मामांकडे आलो. त्यांनी मला ठेवून घेतलं, एका तांदळाच्या वखारीत गोणी शिवायला लावून दिलं, आणि मामीने सहा महिन्यांत माझ्या बरगड्या झाकून टाकल्या. या उपकाराखाली मी इतका दबलो होतो, की घरात शिंकायचं झालं तरी अंगणात जात असे.

मामा मुंबईला एका पेढीवर कारकून. आठवडाभर तिकडे, शनिवारी घरी. तिथल्या कुणाच्या तरी नादाने त्यांनी घराचा आगीचा विमा उतरवला होता. आळीला हसायला निमित्त मिळालं. शेजारचे तात्या ओट्यावरून विचारत, आग लागायच्या आधीच दंड भरायचा ही कुठली रीत? मला हसू येत नव्हतं, कुतूहल छळत होतं. मुंबईत बसलेल्या माणसाला कल्याणात आग लागल्याचं कळणार कसं? युक्ती त्या कागदातच असणार! कागद उजेडावर धरला की आत चित्र दिसतं, असं वखारीत कुणीसं म्हणालंही होतं.

तेव्हा एके दुपारी मी माळ्यावर चढलो. कागदाची पेटी तिथेच होती, आणि अंधार असल्यामुळे घासलेटची चिमणी बरोबर नेली होती. कागदात चित्र खरोखरच होतं. ते सिंहाचं की मांजराचं हे ठरवण्यासाठी मी जरा सरकलो, आणि चिमणी कलंडली ती मामीने रचून ठेवलेल्या गोवऱ्यांवर. मी कागद छातीशी धरून खाली उडी मारली. कागदाला धग लागली नाही. ज्याच्यासाठी तो केला होता, ते घर मात्र पेटलं.

आळीने विहीर उपसून आग विझवली. स्वयंपाकघराचं छप्पर गेलं, भिंती काळ्या झाल्या. शनिवारी मामांनी सगळं पाहिलं, आणि ते ओरडले नाहीत (ओरडले असते तर बरं वाटलं असतं). इतकंच म्हणाले, "पुढच्या शनिवारी मी कंपनीच्या साहेबाला घेऊन येतो. त्याच्या डोळ्यांना दिसेल तेवढ्याचेच पैसे मिळणार. पुरते मिळाले नाहीत, तर हिच्या पाटल्या विकून छप्पर घालायचं. आणि मग गणू, तुला ठेवून घेणं मला झेपायचं नाही."

हे मी ऐकलं. मामीनेही ऐकलं. तरी सोमवारी ती म्हणाली, "गणू, परका माणूस पहिल्यांदा आपल्या घरी येणार, आणि त्याला काळ्या भिंती दाखवायच्या?"

तिचंही बरोबरच होतं. पाहुणा येणार म्हटल्यावर घराची कळा बदलायला नको? मी भिंती खरवडून चुन्याचे दोन हात दिले. मामीने सारवलं, रांगोळी घातली. जळक्या आढ्यावर मी गेरू फासला. छपराचं भगदाड तेवढं उरलं, तर तात्यांच्या घरची लग्नातली सतरंजी आणून छतासारखी ताणून बांधली. एवढं देखणं स्वयंपाकघर आळीत दुसरं नव्हतं. केलेल्या चुकीची थोडी तरी भरपाई झाली, म्हणून मला भरून आलं!

शनिवारी साहेब आला. काळा कोट, हातात वही. दारात मामांची नजर आत गेली आणि त्यांचा पाय उंबऱ्यावरच राहिला. साहेबाने पन्हं घेतलं, बेसनाचा लाडू खाल्ला, आणि मामीला विचारलं, "बाई, नुकसान किती झालं?"

मामी दाराआडून म्हणाली, "देवाच्या दयेने सगळं ठीक आहे. तुम्ही आणखी एक लाडू घ्या." पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही, हे तिला माहेरी शिकवलेलं.

साहेबाने चारी भिंती पाहिल्या आणि वहीत एकच ओळ लिहिली: सफेदीचा खर्च. मामा माझ्याकडे बघत होते. मला मनातल्या मनात बोटीचा भोंगा ऐकू येऊ लागला.

इतक्यात गोमादादा शिडी घेऊन आला. मोजमापं घ्यायला मामांनीच त्याला बोलावलं होतं. त्याने एकदा छताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ह्यो मांडव कोनाच्या लग्नाचा?" असं म्हणत त्याने सतरंजीची दोरी कापली. राख, कोळसे आणि कौलांचे तुकडे साहेबाच्या उरलेल्या लाडवावर पडले, आणि वर सगळं आभाळ दिसलं. मग त्याने शिडी लावून आढ्यावर कोयत्याचा घाव घातला. गेरूखालून काळा भुगा गळाला.

"सायेब, वरून आढं, आतून कोलसा. ह्याच्यावर कौलं चढवलीत तं घर पोरांच्या टालक्यावर येल. तुमी लिवा, मी सांगतंय." आणि त्याने आढं, वासे, कौलं, भिंतीचा गिलावा, मजुरी, एकेक करून सगळं लिहवून घेतलं. साहेब वही घेऊन शाळेतल्या मुलासारखा शिडीच्या मागे फिरत होता.

शेवटी त्याने विचारलं, हे झाकलं कुणी? मी हात वर केला. तो मला बराच वेळ न्याहाळत राहिला, रागाने नव्हे, नवल वाटून. "जास्त पैशासाठी काळं फासणारे मी खूप पाहिले," तो म्हणाला. "पांढरं फासणारा तूच पहिला."

दुरुस्तीचे पैसे पुरते मिळाले. पाटल्या मामीच्या हातातच राहिल्या आणि मी कल्याणातच राहिलो. कौलं चढवून झाली त्या दिवशी मी गोमादादाला म्हणालो, "दादा, तुमच्या मुलीचं लग्न निघालं की मला बोलवा. चार दिवस आधी येऊन राबेन. तुमचे उपकार फेडायचेत."

तो शिडी खांद्यावर टाकत म्हणाला, "ये. पन पाव्हना म्हनून ये. लगनाच्या दिशी, जेवनाच्या टायमाला. आन कशाला हात लावू नको."

मी शब्द दिला आहे, आणि एक दिवस कोपरला जाऊन ही फेड करणार आहेच. मांडवात हाताची घडी घालून बसायचं, एवढंच तर करायचं आहे. मामा मात्र म्हणतात, एवढं अवघड काम माझ्याच्याने व्हायचं नाही.