लॉबीतला तंबोरा

सुट्टीला कोरेगावात आलो की बॅग उघडायच्या आधीच मंडळी घेरतात, "हॉटेलातलं काय तरी सांग रं!" सांगतो की! व्हिएन्नातल्या आमच्या हॉटेलात खोल्या मोजून बावीस, भाडं ऐकून घाम फुटेल असं, आणि किस्से रोज नवे. त्यातले निम्मे एकट्या सलीमचे. मी रिसेप्शनला, तो हाऊसकीपिंगला. गडी मिरजेचा, तंबोरे बनवणाऱ्यांच्या घरातला.

*

लॉबीत एक पिवळी खुर्ची आहे. ड्यूटीच्या पहिल्याच दिवशी सलीम तिच्यावर टेकला. मॅनेजर मॅडम धावत आल्या. "ती बसायला नाही, बघायला आहे! डिझाइन आहे!"

सलीम उठला आणि मला म्हणाला, "आमच्यात फाटकी सतरंजी देतील, पण बसायला देतील!"

*

एकदा इंटिरियर डिझायनर जुन्या बाजारातून तंबोरा घेऊन आला. भोपळ्याला भोक पाडून आत बल्ब बसवणार होता. लॅम्प!

सलीम टॉवेलांचा ढीग घेऊन चालला होता, तो जागीच थांबला. नक्षीवरून बोट फिरवून म्हणाला, "गड्या, ह्यो मिरजेचा हाय."

तसाच मॅडमकडे गेला. "भोक पाडायचं नाही."

"तू प्रोबेशनवर आहेस, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तरी नाही!"

*

सोमवारी इलेक्ट्रिशियन ड्रिल घेऊन हजर. तंबोऱ्यापुढे सलीम व्हॅक्यूम क्लीनर घेऊन उभा. "सफाई चालू आहे!" तेवढाच दोन हात गालिचा त्याने दोन तास साफ केला. इलेक्ट्रिशियन कंटाळून निघून गेला.

सलीमला वॉर्निंग लेटर मिळालं. ते खिशात घालून तो मॅडमना म्हणाला, "आठ दिवस द्या. वाजला तर ठेवा. नाही वाजला, तर त्याला भोक पाडा आणि मला काढा!"

मॅडमना राग आला की हसू, कळलं नाही. पण आठ दिवस मिळाले.

*

त्याने कुठून तरी तारा पैदा केल्या, चढवल्या. मी म्हटलं, "झालं की!"

"कुठलं? जवारी राहिली." म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी अशी घासायची, की तार नुसती वाजायची नाही, गुंजायची.

"मग काढ की जवारी!"

"ती शिकायच्या आधीच हिकडं पळालो रं. 'चादरी बदलायला घर सोडलंस?' म्हनाले अब्बा, तवापासनं बोलत न्हाईत."

नोकरीची फिकीर नसलेल्या ह्या गड्याने वडलांना तीनदा फोन लावला आणि तीनदा वाजायच्या आधीच कापला. मला फार वाईट वाटलं. व्हिडिओ कॉलवर त्याने तोंड दाखवलंच नाही, भोपळा दाखवला. अब्बांनी फोन ठेवला नाही.

*

आठव्या दिवशी दुपारी तंबोरा माझ्या काउंटरवर, समोर फोन, फोनमध्ये अब्बा. ख्यालीखुशाली काही नाही. "घास. आजून. थांब! आता तारंखाली धागा सरकव, मग गुंजंल." धागा कुठला? पाहुण्यांच्या खोलीत शिवणाचं किट ठेवतो, त्यातला!

पाहुणे कॉफीचे कप घेऊन गोळा झाले. मॅडमही आल्या. सलीमने तार छेडली आणि सगळी लॉबी भरून गेली. माझ्या अंगावर काटा आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

अब्बा फोनमधून ओरडले, "टाळ्या कसल्या वाजवताय? तिसरी तार आजून लागली न्हाई! आनि उभ्यानं जवारी लागती व्हय रं? बसून लाव!"

मॅडमनी मला विचारलं, "काय म्हणतात ते?"

मी सांगितलं.

मॅडम गेल्या आणि ती पिवळी खुर्ची स्वतः ओढत घेऊन आल्या.