पांढऱ्या दाढीचा सावरगाववाला

आमच्या बाबांनी तरुणपणी जितकी माणसं मारली, तितकी पांढुर्ण्यात दुसऱ्या कोणी मारली नसतील. मारली ती तोंडानं. बाजाराच्या मागच्या गल्लीत तेव्हा एक व्हिडिओ हॉल होता. हॉल म्हणजे टिनाचं छप्पर, खाली सतरंजी आणि समोर लाकडी पेटीत बसवलेला टीव्ही. नागपूरहून कुंगफूच्या कॅसेटी यायच्या आणि त्यातल्या बऱ्याच मूळ चिनी भाषेतच असायच्या. अक्षर कोणाला कळायचं नाही. मग टीव्हीशेजारी एक जण उभा राहून सगळ्यांचे डायलॉग आपल्या मनानं बोलायचा. तो म्हणजे आमचे बाबा. त्यांना तिकीट लागायचं नाही आणि वर चहा मिळायचा.

या पिक्चरांवर हसणं सोपं आहे, आणि मी अजूनही हसते. ठोसा लागला की धोबीघाटावर कपडा आपटल्यासारखा आवाज येतो. नाही लागला तरी येतो. गुंडांची अख्खी टोळी हीरोला घेरते आणि मग रेशनच्या लायनीत उभी असल्यासारखी एकेक करून मार खायला पुढे येते. रागावलेल्या माणसाचे डोळे अचानक पडदाभर होतात. दार उघडं असलं तरी कोणी दारातून येत नाही, कौलं फोडून येतो. आणि मरणारा लगेच मरत नाही. रक्त ओकतो, हसतो, लांबलचक काहीतरी बोलतो, पुन्हा हसतो आणि मगच आडवा होतो. बाबांना हे मरणारे फार आवडायचे, कारण बोलायला भरपूर वेळ मिळायचा.

गोष्ट बहुतेक एकच असायची. दोन आखाडे, त्यांचं जुनं वैर, एका गुरूला दग्यानं मारलेलं आणि चेल्यानं घेतलेला बदला. आता दोन बाजूंचं वैर म्हटल्यावर पांढुर्ण्याच्या माणसाला दुसरं काय सुचणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या जत्रेत, जाम नदीच्या या काठावरून आम्ही आणि त्या काठावरून सावरगाववाले एकमेकांवर गोटे मारतो. बाबांनी सज्जन आखाडा पांढुर्ण्याला दिला आणि बदमाश आखाडा सावरगावला. "अबे सावरगाववाल्या, माह्या गुरूले मारून कुठी पळून राह्यला बे!" असं ते गरजले की हॉलमध्ये शिट्ट्याच शिट्ट्या. तीच कॅसेट सौसरला गेली की बाबा सोबत जायचे, आणि तिथं तेच दोन आखाडे मोहगाव आणि लोधीखेड्याचे व्हायचे.

पुढे लग्न झालं आणि बायको आली ती नेमकी सावरगावची. एक दिवस गोटे, बाकी वर्षभर सोयरिकी, आमच्याकडे हे असंच चालतं. हॉल बंद पडला, पण माझ्या भावाच्या बारशाला घरी भाड्याचा व्हीसीआर आला आणि मग सणासुदीला येतच राहिला. बाबा अंगणात बोलायचे आणि आई आत पुऱ्या तळता तळता ऐकायची. तिनं ते पिक्चर कधी पाहिले नाहीत, पण डायलॉग सगळे पाठ झाले. सावरगाव हरलं की कढईवर झारा आपटायची. "एखाद्या बारी तरी जिंकू द्या ना आमच्या गावाले," म्हणायची. "पिक्चरमधी जसं हाय तसंच सांगतो मी," असं उत्तर यायचं, तेही चिनी भाषेत पाण्याला काय म्हणतात हेसुद्धा माहीत नसलेल्या माणसाकडून.

गेल्या वर्षी संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू वळणावर आले, पण बोलणं गेलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांना सगळं कळतं, शब्द आत आहेत, फक्त बाहेरची वाट सापडत नाही. त्यांना बोलायला लावा; गप्प राहायची सवय लागली तर पुढे कठीण आहे. आणि ती सवय लागतच होती. तोंडातून फक्त "हां" निघायचं. पाणी हवं असलं तरी हां, नको असलं तरी हां. कोणी भेटायला आलं की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. पांढुर्ण्यातला सगळ्यात बडबड्या माणूस लाजून भिंतीकडे बघत होता, आणि ते मला बघवत नव्हतं.

मी सौसरच्या शाळेत शिकवते आणि शनिवारी घरी येते. मास्तरकीची खोड घरीही सुटत नाही. मी चित्रांचे तक्ते घेऊन गेले, गाय दाखवली आणि विचारलं, "बाबा, हे काय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू गाय मीच आहे. माझा स्वभावही त्यांच्यावरच गेलेला, राग नाकावर. एका रविवारी मी तक्ता फेकून दिला आणि ओट्यावर येऊन रडत बसले. आई मागून आली.

"लहान पोराले विचारल्यासारखं काऊन विचारतं त्याईले?" ती म्हणाली. "त्याईले लाज वाटते."

ते मला लागलं, पण तिचं बरोबर होतं. त्यांना जे येत नव्हतं तेच आम्ही पुन्हा पुन्हा समोर धरत होतो. जे येत होतं ते काय, याचा विचार करताना मला तो टिनाचा हॉल आठवला.

कोणीतरी इंटरनेटवर एक जुना कुंगफू पिक्चर टाकलेला होता, मूळ चिनी भाषेत, खाली भाषांतराची एक ओळही लिहिलेली नाही. पुढच्या रविवारी दुपारी तो टीव्हीवर लावला. बाबा उठून बसले. पहिलीच मारामारी, कौलं फुटली, आणि त्यांचा चांगला हात मांडीवर ठेका धरू लागला. तोंड मात्र बंद. मग मीच बोलायला घेतलं. "तू माझ्या गुरूंचा अपमान केला आहेस, आता परिणामांना तयार राहा!" बाबांनी डोळे मिटून घेतले. खरं सांगते, शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटकसुद्धा याहून बरं असतं.

तेवढ्यात आई सुपात लसूण घेऊन सोलायला आमच्याजवळ येऊन बसली. पडद्यावर एक म्हातारा आला होता. छातीपर्यंत पांढरी दाढी, गालांवर लोंबणाऱ्या भुवया, अंगात पांढरा झगा, आणि चेले त्याच्या पाया पडत होते. हे पिक्चर पाहणाऱ्या कोणालाही विचारा, असला म्हातारा दिसला की समजायचं, हा पक्का हरामखोर. पण आई पहिल्यांदाच पाहत होती. तिला तो साधुपुरुष वाटला, आणि आयुष्यभर हुकलेली संधी तिनं सोडली नाही.

"हे पाहा," ती म्हणाली, "हे आमचे सावरगावचे गुरुजी." आणि सुरूच झाली. "पांढुर्ण्याच्या पोट्ट्याहो, लय माजले तुमी! सावरगावच्या म्हाताऱ्याचा हात पाह्यला नाई अजून!" ठेका बाबांचा, चढउतार बाबांचे, फक्त गावं उलटी. मी तोंडावर पदर धरला. पडद्यावर म्हातारा एका आंधळ्या पाहुण्यासाठी चहा ओतत होता आणि बाहीतून काढलेली पूड हळूच त्यात टाकत होता.

"पाहा, चहात साखर टाकून देऊन राह्यले गुरुजी," आई म्हणाली. "आमच्या गावची रीतच तशी."

पाहुणा एक घोट प्यायला आणि जागीच उलटा पडला. आईनं एक पाकळी सोलून सुपात टाकली.

"झोप आली असंन बिचाऱ्याले."

बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं पुन्हा झटका आला, मी धावले. ते हसत होते. अर्ध्याच तोंडानं, पण डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. मग ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"ब... ब... बदमाश," बाबा म्हणाले. "बदमाश हाय... म्हातारा."

आईच्या हातातली पाकळी तशीच राहिली, पण तिनं टीव्हीवरची नजर काढली नाही. त्या बाईच्या शहाणपणाला मी आजही हात जोडते.

"कोणाले बदमाश म्हणता? माह्या माहेरच्या माणसाले?"

"जहर... जहर देल्लं."

"साखर व्हय ते."

"जहर!" बाबा ओरडले. शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले.

मी मोरीत गेले, नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

तेव्हापासून रविवारी आमच्याकडे पिक्चर असतो. ज्यांना पाहून बाबा भिंतीकडे वळायचे, तेच लोक आता चटईवर येऊन बसतात. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, चालू ठेवा. सगळं परत आलेलं नाही, येईल असंही कोणी सांगत नाही. कधी पाणी मागायला जातात आणि "तलवार" म्हणतात, मग स्वतःवरच चिडतात. पण चिडतात तेसुद्धा शब्दांत. आईला आता दाढीवाल्यांचं गुपित पक्कं ठाऊक आहे, तरी प्रत्येक दाढीवाला ती सावरगावचा साधुपुरुषच करते. बाबा ते खोडून काढतात. त्यांचं हे भांडण ऐकायला मी शनिवारची बस चुकवत नाही.

परवा पोळा तोंडावर आला होता. पिक्चर संपत आला. म्हातारा हसत, रक्त ओकत, भाषण करत एकदाचा मेला. हीरो नदीकाठी एकटा उभा राहिला. आई सवयीनं तोंड फिरवून बसली, कारण आता पांढुर्णा जिंकणार हे ठरलेलंच होतं. बाबांनी चांगला हात वर केला.

"हा पोट्टा... पांढुर्ण्याचा."

"मालूम हाय," आई म्हणाली.

"थांब व."

पुढचा शब्द सापडेना. पडद्यावर चिनी अक्षरं वर सरकू लागली. आम्ही थांबलो, चटईवरचे लोकही थांबले. मास्तरीण असून मी शब्द पुरवला नाही, त्यासाठी मला जीभ चावून बसावं लागलं.

"पांढुर्ण्याचा... पण सावरगावचा..." बाबांनी आईकडे पाहिलं. "जावई व्हय."

कोणीतरी शिट्टी मारली. आईनं मांडीवरचं लसणाचं सुपडं उचललं, पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवायला उठली. स्वयंपाकघराच्या दारातून तिचा आवाज आला, "साखर टाकून राह्यली बरं का, जहर नाई."

"पेऊन... पाह्यतो," बाबा म्हणाले.