ओल्या कचऱ्याचा रकाना

सरकारी विद्यापीठांनी पर्यावरणासाठी दिलेली आश्वासनं कितपत पाळली, हे मोजत फिरणं ही माझी नोकरी. घाटकोपरहून दोन रिक्षा बदलून मी त्या आवारात तीन वर्षं गेलो, आणि तिन्ही वेळा कँटीनमागच्या खतखड्ड्यापाशी तीच बाई होती. नाव विचारायचं कधी सुचलंच नाही. साडीवर पुरुषी शर्ट घालून ती उष्ट्या भातातले प्लास्टिकचे चमचे वेचत असायची. बादली उचलण्याआधी बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची.

यंदा विद्यापीठाच्या ऑफिसने लिहून दिलं होतं की रोजच्या तीस किलो ओल्या कचऱ्याचं खत आवारातच होतं. मी तिलाच विचारलं, "मावशी, रोज किती जातं खड्ड्यात?"

"दोन बादल्या. बारा किलो धरा."

"आणि बाकीचं?"

"देवनारच्या डंपिंगला जाणाऱ्या गाडीत. मला हात दोनच ना, साहेब."

मी बारा लिहायला लागलो, तसा तिने ओला हात कागदावर आडवा धरला. "बारा नका लिहू. मला ऑफिसात उभं करतील."

"मग तीस लिहू?"

ती दमल्यासारखी हसली. "तीस लिहिलंत तर उद्यापासून खरंच तीस करून घेतील. माझ्याकडूनच."

मीही दमलो होतो. रकाना कोरा सोडला. तिला बरं वाटलं. बांगड्या सरकवून तिने बादली उचलली.

फॉर्म सहीला गेला की कोरा सोडलेला रकाना ऑफिसवालेच आपल्या आकड्याने भरून पाठवतात, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.