टर्टल्स कोणामुळे हरले

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये डोक्यावर चार पांढरे केस दिसले की माणसाचा काका होतो. माझंही वय काही कमी नाही, पण शेजारच्या टाउनहाऊसमधल्या गुरुदत्त रेग्यांना मीही काकाच म्हणते. काकांनी राज्य सरकारच्या खात्यात जन्मभर पूल तपासले. कुठल्या पुलाला कुठे भेग आहे ते गाडी चालवता चालवता सांगतात, त्यामुळे त्यांच्या शेजारी बसून कुठेही जायचं म्हणजे प्रत्येक पुलावर मी रामरक्षा म्हणते. तेवढं सोडलं तर माणूस सरळ. व्यसन नाही, राजकारण नाही, मंडळाच्या गणपतीत माइकसाठी भांडण नाही. फक्त टर्टल्स.

टर्टल्स ही आमच्या गावाबाहेरच्या मैदानावर खेळणारी बेसबॉलची टीम. टीव्हीवर दिसतात त्या बड्या टीमांपैकी नव्हे, पार खालच्या लीगमधली. ज्या टीमनं आपण होऊन कासव हे नाव घेतलं तिच्याकडून अपेक्षा तरी काय धरायची, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. काका म्हणाले, "स्लो आहेत, पण शेवटपर्यंत खेळतात." शेवटपर्यंत सगळ्यांनाच खेळावं लागतं, तसा नियमच आहे, हे मला मागाहून कळलं.

काका अमेरिकेत आले तेव्हा एकटे होते. घरमालकानं एका रविवारी त्यांना या मैदानावर नेलं. गिरगावात क्रिकेट बघून मोठा झालेला माणूस. चेंडू मारल्यावर गडी बॅट टाकून पळत सुटला, तेव्हा त्यांना वाटलं, चिडला असावा. त्या दिवशी टर्टल्स हरले. घरमालक म्हणाला, पुढच्या रविवारी जिंकतील. काका पुढच्या रविवारी गेले. घरमालक केव्हाच वारला, पण काका अजून जातात. मधल्या काळात टर्टल्सनी एकदाच कप जिंकला. त्या उन्हाळ्यात काका लग्न करायला मुंबईला गेले होते.

गेल्या वर्षी आमची चौघांची रांग ठरून गेली होती. काका, शोभनाकाकू, परीक्षित आणि मी. परीक्षित नागपूरचा, इथल्या कंपनीत डेटा अॅनालिस्ट. त्याची बायको येत नाही, ती शहाणी आहे. काकूही इतकी वर्षं कधी आल्या नव्हत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी घराबाहेर पडा म्हणून सांगितलं, तेव्हा गेल्या वर्षीपासून यायला लागल्या. मैदानात बाहेरचं खाणं न्यायला बंदी आहे. काकू सांगलीच्या. त्या भडंगाचा डबा डायबेटिसच्या औषधांच्या पाउचमध्ये घालून आणतात. गेटवरचा पोरगा पाउच बघतो, काकूंची काठी बघतो आणि "टेक केअर, मॅम" म्हणतो. काकूंना डायबेटिस नाही.

काकूंची एक खोड मात्र मला कधी कळत नसे. कोणाचं बारसं असो, वास्तुशांत असो, त्या सगळ्यांच्या मागे उभ्या. परीक्षितनं नवी गाडी घेतली तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवायला मी त्यांनाच हाक मारली, वडीलधारं माणूस म्हणून. नेमका तेव्हाच त्यांना फोन आला आणि त्या आत गेल्या. फोन टेबलावर होता आणि वाजलाही नव्हता. मला वाटलं, भिडस्त आहेत.

तर मे महिन्यात टर्टल्स हरायला लागले आणि थांबेचनात. आमचे गडी झेल सोडत. एक जण झेल घ्यायला धावला आणि आपल्याच गड्यावर आपटला. पुढच्या रांगेतली पॅटी नावाची म्हातारी आपली टोपी आतली बाजू बाहेर करून घालायला लागली. टीम मागे पडली की इथे तसं करतात. आमचा एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणे जिंकेपर्यंत मोजे धुणार नव्हता. मैदानावरच्या पांढऱ्या रेषेवर तर कोणीच पाय पडू देत नसे.

हे सगळं बघून परीक्षितला जोर चढला. "बघा न मावशी, हे लोक एवढे सायंटिफिक, तरी मानतात. मग आपण का नाही मानायचं?"

आपण म्हणजे कोण, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. क्रिकेटची मॅच चालू असताना जो जिथे बसलाय त्यानं तिथेच बसायचं, चहाला उठलं की विकेट पडते, हे शास्त्र आपण आईच्या मांडीवर शिकलोय. परीक्षितनं ते जसंच्या तसं बेसबॉलला लावलं. ठरलेली सीट, ठरलेली रांग, मॅच चालू असताना उठायचं नाही. आता बेसबॉलमध्ये सातव्या इनिंगला अख्खं मैदान उभं राहून गातं, अंग मोकळं करतं. आम्ही चौघं दगडासारखे बसून. पॅटीनं एकदा मागे वळून बघितलं आणि शेजारणीला हळूच सांगितलं, की हे यांच्या धर्मात असेल. त्या दिवसापासून सातव्या इनिंगला पुढची रांग आमच्याकडे बघून आदरानं मान झुकवायची. टर्टल्स तरीही हरतच होते.

मग एकदाचे जिंकले. त्या दिवशी संकष्टी होती आणि काका काकूंना देवळात घेऊन गेले होते. रांगेत मी आणि परीक्षित दोघंच. जिंकल्यावर पॅटी रडली, परीक्षित नाचला. मीही शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला.

पुढच्या मॅचला परीक्षित फोनवर रंगीत आलेख काढूनच आला. "सिम्पल आहे काका. एवढ्या मॅचेसपैकी एकच जिंकलो. त्या दिवशी रांगेत फक्त दोन गोष्टी मिसिंग होत्या. म्हणजे प्रॉब्लेम एकतर तुम्ही, नाहीतर..."

"मीच," काका म्हणाले. त्याचं वाक्य पुरं होऊच दिलं नाही. "शंकाच नको. अरे, कप जिंकला तेव्हा मी कुठे होतो? इंडियात! मी नव्हतो म्हणून जिंकले. मीच पनवती."

"काका, मी जनरल बोलत होतो न..."

"जनरल नाही, अगदी बरोबर बोललास. डेटा क्लिअर आहे." काकांनी बुडाखालची गादी काढली, ती काकूंच्या सीटवर ठेवली आणि पायऱ्या उतरून निघून गेले. ते पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. काकूंच्या हातातला डबा उघडाच राहिला.

मला काकांचा संताप आला. जन्मभर लोखंड-काँक्रीटचं गणित केलेला माणूस, आणि एका पोराच्या रंगीत रेघा बघून स्वतःच्या सीटवरून उठून जातो! पण काका हटेनात. प्रत्येक मॅचला आम्हाला गेटपाशी सोडायचे आणि गाडी लावून आत रेडिओ ऐकत बसायचे. तिथून मैदान दिसत नाही, फक्त आवाज येतो. शिवाय रेडिओवरची कॉमेंट्री खऱ्या खेळाच्या बरीच मागे असते. "आधी हाय ऐकू येते, मग कारण कळतं," ते मला म्हणाले होते. मला वाटलं, हौस म्हणावी तरी किती.

एवढं करून टर्टल्स सुधारले का? छे. पण परीक्षितचं शास्त्र पक्कं होतं. "मार्जिन कमी होतंय," तो म्हणायचा. एक मॅच पावसानं रद्द झाली, तीही त्यानं आपल्या बाजूनं धरली.

सीझनमधली घरच्या मैदानावरची शेवटची मॅच शनिवारी दुपारी होती. ऊन मी म्हणत होतं. आणि त्या दिवशी टर्टल्सना काय झालं होतं देव जाणे, पण त्यांनी झेल धरले. चेंडू मारले. नववी म्हणजे शेवटची इनिंग सुरू झाली तेव्हा आम्ही दोन रनांनी पुढे होतो. समोरच्यांना तीनदा आउट केलं की संपलं. पॅटीनं हात जोडले होते. परीक्षित श्वाससुद्धा मोजून घेत होता.

मला राहवेना. जो माणूस तरुणपणापासून हा दिवस बघायला येतोय, तो बाहेर तापलेल्या गाडीत बसून हे सगळं अर्ध्या मिनिटानं शिळं ऐकणार? मी उठले.

"मावशी!" परीक्षित किंचाळलाच. "मॅच चालू आहे!"

"असू दे," मी म्हटलं आणि गेले.

काका गाडीत एसी लावून, मांडीवर टर्टल्सची हिरवी टोपी घेऊन बसले होते. मी दार उघडून शेजारी बसले. "काका, चला आत. दोन रनांनी पुढे आहोत. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

"नको."

"अहो, इंजिनिअर ना तुम्ही? त्या पोराचं काय ऐकता? पनवती-बिनवती काही असतं का?"

"मी मानतो असं वाटलं तुम्हाला?" काकांनी रेडिओचा आवाज कमी केला. "सुमित्राताई, आमच्या लग्नानंतर पंधरवड्यात माझे वडील गेले. आधीपासून आजारीच होते. डॉक्टरनं सांगितलं होतं. तरी आईनं हिला पांढऱ्या पायाची ठरवलं. एकदा म्हणून थांबली नाही. तेव्हा इंडियाचा कॉल केवढा महाग, तेवढ्या कॉलमध्येसुद्धा आई ते सुनवायची. ही अजून कोणाची ओटी भरत नाही. कुठल्या शुभकार्यात पुढे होत नाही. तुम्ही बघितलं असेल."

मला न वाजलेला फोन आठवला.

"परीक्षितचा काही दोष नाही. चांगला मुलगा आहे. पण तो 'एकतर काका, नाहीतर' म्हणाला ना, तेव्हा पुढचा शब्द मला ठाऊक होता. हिलाही होता. ही या वर्षी यायला लागली आणि या वर्षीच टीम हरत सुटली. त्यानं मागचा डेटा काढला असता तर सापडलंच असतं." काकांनी टोपी उलटीसुलटी केली. "खरं तर ही घरात आली त्याच उन्हाळ्यात टर्टल्सनी कप जिंकला. ते कोणी हिच्या नावावर लावलं नाही. मीसुद्धा त्या दिवशी स्वतःच्या नावावर घेतलं. काय करणार, दुसरं सुचलंच नाही."

"चला हो आत," मी म्हटलं.

"आज जिंकायला पाहिजेत. मी बाहेर बसूनही हरले, तर त्या रांगेत उरलं कोण?"

इतक्यात मैदानातून हाय आली. हजारभर माणसं एकदम हळहळली की कसा आवाज होतो, तो काचा बंद असूनही आत आला. काकांनी डोळे मिटले. रेडिओवरचा माणूस अजून आनंदातच होता. आमचा पिचर किती आत्मविश्वासानं उभा आहे, ते तो सांगत होता. मग त्याचाही आवाज चढला आणि पडला. चेंडू भिंतीपलीकडे, आणि त्यांचे तीन गडी आधीच मैदानात पळायला उभे. चार रन. समोरचे दोन रनांनी पुढे गेले.

मी धावत परत गेले, माझ्या धावण्याला धावणं म्हणायचं असेल तर. पायऱ्या चढेपर्यंत आमची शेवटची पाळी चालू होऊन संपतही आली होती. आमच्या शेवटच्या गड्यानं तीनदा हवेत बॅट फिरवली आणि सीझन संपला. पॅटीनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

परीक्षित फोन काढून बसला होता. "पण काका तर बाहेरच होते न," तो स्वतःशीच बोलत होता. "म्हणजे काका नाही. मग दुसरं व्हेरिएबल..." त्याची मान हळूहळू वर आली. मनात वाईट काही नव्हतं त्याच्या, पोरगा नुसता बेरीज करत होता. काकूंनी पाउचची चेन लावली, काठी हातात घेतली आणि खाली बघत उठायला लागल्या.

"मी," मी म्हटलं.

"काय मावशी?"

"मी उठले. दोन रनांनी पुढे होतो आणि मी जागेवरून उठून बाहेर गेले. तू ओरडलास तरी गेले. विचार पॅटीला."

पॅटीला मराठी कळत नाही, पण बोट कोणाकडे आहे ते कळतं. तिनं मागे वळून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिचं घर पेटवलंय. "येस," ती म्हणाली, "शी लेफ्ट." तिच्या शेजारणीनंही मान हलवली. धर्म बुडवला मी.

"मावशी!" परीक्षितचा चेहरा एकदम मोकळा झाला. थिअरी बचावली होती. "आपलं ठरलं होतं न! अशी कशी उठलात तुम्ही?"

"चुकले बाबा. मीच पनवती."

काकू अर्ध्या उठल्या होत्या, त्या परत बसल्या. पाउचची चेन उघडली, डबा काढला आणि माझ्यासमोर धरला. मी मूठभर भडंग घेतलं.

आता नवा सीझन सुरू झालाय. काका त्यांच्या सीटवर, काकू शेजारी, परीक्षित फोनसकट. पार्किंगमध्ये मी असते. पहिल्या मॅचला खेळ सुरू व्हायच्या आधी मैदानात एक चेंडू टाकायचा मान कोणाला तरी देतात, आपल्याकडे नारळ फोडायला बोलावतात तसा. यंदा तो सगळ्यात जुने तिकीटधारक म्हणून गुरुदत्त रेग्यांना मिळाला. आयत्या वेळी काकांचा गुडघा दुखायला लागला आणि त्यांनी काकूंना पुढे केलं. काकांचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत.

मी गाडीत होते. आधी टाळ्या ऐकू आल्या, खूप वेळ आल्या. मग रेडिओवरच्या माणसानं मिसेस रेगे हे नाव कसंबसं उच्चारलं आणि सांगितलं, की चेंडू दोन पावलांवर पडला आणि बाई हसताहेत. मी हॉर्न वाजवला.

त्या दिवशी टर्टल्स सपाटून हरले. मॅच संपल्यावर परीक्षितचा फोन आला. "मावशी, राग नका मानू," तो म्हणाला, "पण पुढच्या वेळी गाडी जरा आणखी लांब लावता का?"